अनोळखी माणसं स्वस्त पडतात

पडद्यावरची दोन माणसं एकमेकांना अनोळखी असली की निर्मात्याचे पैसे वाचतात. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. उभा जन्म कानाला हेडफोन लावून सेटवरची बोलणी ऐकली की एवढं कळतंच. नायक-नायिका आधीपासून ओळखीची असली तर त्यांना घर द्यावं लागतं. घर म्हटलं की भिंती आल्या, भिंतींवर फोटो आले, फोटोतले आई-बाप आले, आणि ते हयात असले तर त्यांचं मानधन आलं. तीच दोघं रस्त्यात भेटली तर? त्याच्याकडे एक पिशवी, तिच्याकडे एक पिशवी, पहिल्या रिळातले कपडे शेवटच्या रिळापर्यंत. आधी काय घडलं ते तोंडानं सांगायचं. सेट म्हणजे रस्ता, आणि रस्ता सरकारचा.

प्रवासात भेटलेल्या दोघांच्या प्रेमाचे कमी पैशांतले सिनेमे, यांच्यावर लिहिणारे लोक बहुधा स्वातंत्र्य, भटकेपण, आधुनिक माणसाचं तुटलेपण असं काय काय बोलतात. असेलही. मी साऊंड रेकॉर्डिस्ट. मला त्या इतिहासात आधी पैसा दिसतो आणि मग आवाज ऐकू येतो. या सिनेमांना ‘प्रायोगिक’ ठरवणाऱ्या खुणा सगळ्यांना पाठ आहेत: तुटक दृश्यं, पाठमोरी माणसं, मागून येणारं निवेदन, मैलभर लांब गप्प जागा. त्यातल्या निम्म्या तरी गाडीच्या इंजिनाशी आणि कॅमेऱ्याच्या घरघरीशी केलेल्या तडजोडीतून जन्मल्या, असं माझं म्हणणं आहे. समीक्षक मित्रांना ते पटत नाही. त्यांनी कधी चालत्या अँबेसिडरमध्ये मागच्या सीटच्या पायाशी आडवं पडून रेकॉर्डिंग केलेलं नाही.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. १९३३मध्ये सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांची ‘नाइट बस’ नावाची गोष्ट एका मासिकात आली आणि कोलंबिया कंपनीच्या फ्रँक काप्रानं ती उचलली. कोलंबिया तेव्हा हॉलिवूडमधल्या गरिबांच्या आळीत मोडायची. नायक क्लार्क गेबल दुसऱ्या कंपनीकडून उसना आणलेला. नायिका क्लॉडेट कोल्बेर हिनं होकार दिला तो पन्नास हजार डॉलर आणि चार आठवड्यांत सुटका या अटींवर. तिला सुट्टीवर जायचं होतं. बापाच्या तावडीतून पळालेली श्रीमंत मुलगी, नोकरी गेलेला बातमीदार आणि रात्रीची बस, एवढ्यावर ‘इट हॅपन्ड वन नाइट’ उभा राहिला. प्रवाशांच्या खोलीत दोन खाटांच्या मधे दोरी बांधून त्यावर घोंगडी टाकतात, तो त्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. खर्च धरा: एक दोरी, एक घोंगडी. कोल्बेरला सिनेमा अजिबात आवडला नव्हता. ऑस्करच्या रात्री ती गावाला निघालेली, तिला आगगाडीवरून अक्षरशः धरून आणली. उत्तम चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा, पाचही त्याला मिळाली.

आपल्याकडे ती गोष्ट १९५६मध्ये ‘चोरी चोरी’ होऊन आली. ‘एव्हीएम’चा चित्रपट, राज कपूर आणि नर्गिस. नायक-नायिका म्हणून त्यांची ही शेवटची जोडी. सगळा देश ज्यांच्या ओळखीबद्दल वर्षानुवर्षं बोलत होता, ती दोघं पडद्यावर एकमेकांना ‘तुम्ही कोण’ विचारतात. पुढच्याच वर्षी विजय आनंदनं आपल्या पहिल्या चित्रपटात, ‘नौ दो ग्यारह’मध्ये, देव आनंदला ट्रक देऊन दिल्लीहून मुंबईला धाडलं. वाटेत त्याला लग्नातून पळालेली कल्पना कार्तिक भेटते, तीही सरदार पोराच्या वेषात. या दोघांचं १९५४मध्येच लग्न झालेलं होतं. म्हणजे तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला सगळं ठाऊक, फक्त ट्रकमधल्या दोघांना ठाऊक नाही. तरी पब्लिक रमून बघत होतं. अनोळखीपण हे नटांनी करायचं काम आहे, कथेनं नव्हे, हे मला तिथं पहिल्यांदा समजलं.

त्या काळात गाडीतली बोलणी चालत्या गाडीत घेत नसत. बॅक प्रोजेक्शन असायचं. स्टुडिओत मोटार उभी. पुष्कळदा अर्धीच, बॉनेट कापून टाकलेली. मागे अर्धपारदर्शक पडदा, पडद्याच्या पाठीमागे प्रोजेक्टर, आणि त्यावर आधी कुणी तरी टिपून आणलेला मागं पळणारा रस्ता. कॅमेऱ्याचं शटर आणि प्रोजेक्टरचं शटर एका तालात उघडलं-मिटलं पाहिजे, नाही तर रस्ता फडफडतो. नटांच्या तोंडावरचा उजेड मागच्या पडद्यावर सांडता कामा नये, म्हणून प्रकाश अडवणारे कटर लावता लावता लाइटमन बेजार. दोन पोरं बंपरखाली फळी घालून गाडी हलवणार, तिसरा झाडाची फांदी दिव्यापुढून फिरवणार म्हणजे सावल्या सरकल्यासारख्या वाटतात. जुन्या सिनेमांत नायक सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग डावीउजवीकडे वळवत असतो, बघितलं असेल. त्याला पडदा दिसत नसायचा, वळण कुठं आहे हे कळणार कसं? आवाजाच्या माणसाला मात्र हे स्वर्गसुख. इंजिन बंद, वारा नाही, हॉर्न नाही, माइक हवा तिथं. नंतर रस्त्याचा आवाज खालून मिसळायचा. दोघं ऐंशीच्या वेगानं चाललीत आणि कुजबुजत बोलतायत, हा चमत्कार फक्त स्टुडिओत शक्य होता.

पण स्टुडिओ भाड्यानं मिळतो, आणि ज्यांच्याकडे भाडं नाही त्यांना खऱ्या रस्त्यावर जावंच लागतं.

खऱ्या रस्त्यावर नेण्याजोगा कॅमेरा म्हणजे अरिफ्लेक्स टू-सी. जर्मन, हलका, खांद्यावर घ्या, गाडीच्या खिडकीतून बाहेर लोंबकळा. एकच खोड, शिवणयंत्रासारखा वाजायचा. शेजारी माणसं प्रेमाचं बोलतायत आणि कॅमेरा झबली शिवतोय. शिवाय त्याला चारशे फुटांचं मॅगझीन. सेकंदाला चोवीस चित्रांच्या हिशेबानं ते साडेचार मिनिटांच्या आत संपतं. पडद्यावरच्या प्रेमिकांना सलग त्याहून जास्त बोलायची सोयच नव्हती, आणि कच्ची फिल्म आयात परवान्यावर मिळायची म्हणून रीटेकचा विचार करतानाही दिग्दर्शकाचा घसा कोरडा पडायचा. फ्रान्सच्या गोदारनं १९६०च्या ‘ब्रेथलेस’मध्ये असाच एक आवाज करणारा फ्रेंच कॅमेरा वापरला आणि आवाज सगळा नंतर भरला. कॅमेऱ्यामागून ओरडून तो नटांना वाक्यं सांगायचा. त्या चित्रपटात उघड्या मोटारीत बसलेल्या जीन सीबर्गच्या मानेकडं बघत कॅमेरा बसून असतो, बेलमोंदो बोलत राहतो पण दिसत नाही, आणि दर वाक्याला मागचं पॅरिस उडी मारून बदलतं. सिनेमा लांबला होता, तो छाटायचा होता, दोघांपैकी कुणाला कापायचं हे नाणं उडवून ठरवलं, अशी कथा सांगतात. खरीखोटी देव जाणे. पण बोलणाऱ्याचं तोंडच दिसत नसेल तर ओठ जुळवायची कटकट उरत नाही, हे कुठल्याही डबिंगवाल्याला लगेच दिसेल. त्या उड्यांवर पुढं केवढी पुस्तकं निघाली!

आपल्याकडे याच काळात डबिंगचं राज्य आलं. सेटवर घ्यायचा तो पायलट ट्रॅक, म्हणजे नुसता खुणेपुरता आवाज. मग दृश्याचे छोटे तुकडे करून टोकाला टोक जोडायचं, त्याचा लूप करायचा आणि तो थिएटरात गरगर फिरवत ठेवायचा. नट काळोखात उभा राहून तेच एक वाक्य ओठ जुळेस्तोवर म्हणणार. मी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे प्रभातच्या जुन्या आवारातून, साऊंड शिकून बाहेर पडलो तेव्हा मुंबईत असाच रिवाज होता. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: नायक-नायिका बहुतेक वेळा एकत्र डबिंगला येत नसत. तारखा जुळायच्या नाहीत. तो सोमवारी येऊन ‘मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही’ म्हणून जाई, आणि ती पुढच्या महिन्यात केव्हा तरी येऊन त्यावर ‘मीही’ म्हणे. मधल्या काळात त्या ‘नाही’ आणि ‘मीही’ यांच्यातली गॅप माझ्या ताब्यात. किती फ्रेमांनी उत्तर द्यायचं हे मी आणि एडिटरनं ठरवायचं. हिंदी-मराठीतली कित्येक प्रेमं अशी टेबलावर जुळलेली आहेत.

या सगळ्यात मला ज्याच्याबद्दल खरं म्हणजे लिहायचंय तो चित्रपट ‘भुवन शोम’.

१९६०मध्ये सरकारनं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं. चांगल्या चित्रपटांना कर्ज द्यायचं, हा हेतू. पहिली काही वर्षं ते जपून, नावाजलेल्यांनाच कर्ज देत होतं. १९६८मध्ये मृणाल सेन आणि अरुण कौल यांनी नव्या सिनेमाचा जाहीरनामा लिहिला. त्यानंतर कॉर्पोरेशननं हात थोडा सैल सोडला. १९६९च्या आसपास तीन चित्रपट आले: मणी कौलचा ‘उसकी रोटी’, बासू चटर्जीचा ‘सारा आकाश’ आणि सेनांचा ‘भुवन शोम’. तिन्हींचा कॅमेरा के. के. महाजन या एकाच तरुणाचा, आमच्याच इन्स्टिट्यूटमधून १९६६मध्ये बाहेर पडलेल्या. ‘उसकी रोटी’तही रस्ता आहे, बसड्रायव्हर नवऱ्याची भाकरी घेऊन बायको रस्त्याच्या कडेला थांबलेली. पण तिथं कुणी कुठं जात नाही. ‘भुवन शोम’मध्ये माणूस निघतो.

गोष्ट मूळची बनफूल या बंगाली लेखकाची. सेनांनी ती उचलून सौराष्ट्रात नेली. त्यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. आधीचे बरेचसे चाललेले नव्हते. भुवन शोम हा रेल्वेतला खडूस साहेब, विधुर, इतका शिस्तीचा की पोटच्या पोराला नोकरीतून काढलेला. उत्पल दत्तनं तो केला. एक दिवस साहेबाला पक्ष्यांची शिकार करायची हुक्की येते. सुरुवातीला धावते रूळ दिसतात, पण खरा प्रवास बैलगाडीत सुरू होतो. गाडीवान बैलांना असा काही पळवतो की आत साहेबाचा चेंडू होतो. रोडमूव्हीच्या इतिहासात हॉलिवूडनं ट्रक, बस, मोटारसायकल सगळं वापरलं. बैलगाडीच्या वेगाचा असा विनोद मी दुसरीकडं पाहिलेला नाही. पुढं म्हैस अंगावर धावते, साहेब झाडाचा आसरा बघतो, आणि मग गौरी भेटते.

गौरी सुहासिनी मुळे. तेव्हा विशीतही नसलेली, अभिनयात नवखी. आई विजया मुळे, पाटणा-दिल्लीकडे फिल्म सोसायट्या उभ्या करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या. दूरदर्शनवर अनेकांनी लहानपणी ‘एक अनेक और एकता’ हे कार्टून पाहिलं, ते त्याच बाईंचं. घरी सिनेमाच्या चर्चा ऐकत वाढलेली ही मुलगी पडद्यावर मात्र सिनेमा कशाशी खातात हे माहीत नसल्यासारखी वावरते. ती साहेबाचे शहरी कपडे उतरवून त्याला गावातले कपडे घालायला लावते, कारण शहरी माणूस दिसला तर पक्षी उडून जातील. मग त्याला वाळूतून घेऊन हिंडते. बोलता बोलता सांगते की तिचा नवरा रेल्वेत तिकीट कलेक्टर आहे, आणि शोम नावाचा एक दुष्ट साहेब त्याच्या नोकरीच्या मुळावर उठलाय. शोम साहेब ते शेजारी चालत ऐकतोय.

अनोळखी माणसांच्या प्रेमकथेचं सगळं बळ या एका जागी आहे. जगात आपल्याबद्दल काय बोललं जातं ते आपल्याला कुणीही तोंडावर सांगत नाही. अनोळखी माणूसच सांगतो, तेही नकळत. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. १९४८च्या जूनमध्ये पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, त्यानंतर काही वर्षांनी ते लागले. ते सांगायचे, रातराणीत पुण्याला शेजारी बसलेले दोन अनोळखी इसम कराड यायच्या आत एकमेकांना भावकीच्या भांडणापासून मुलीच्या सासरपर्यंत सगळं सांगून मोकळे होतात, आणि पेठ नाक्यावर एक उतरला की दुसरा त्याचं नावही विचारत नाही. उतरणार आहे म्हणूनच सांगतात. गौरी आणि शोम यांच्यात प्रेम आहे की नाही यावर वाद घालणारे लोक मला भेटलेत. मला तरी ते प्रेमच वाटतं, फक्त त्याचं पुढं काही करायचं नसतं.

शेवटी साहेब नवऱ्याला काढत नाही, मोठ्या जंक्शनवर बदली देतो. तिथं वरकमाई जास्त. म्हणजे साहेब सुधारला की बिघडला? सत्यजित रायनी या चित्रपटाची इंग्रजीत सात शब्दांत थट्टा केली होती. दुष्ट अधिकाऱ्याला खेड्यातल्या सुंदरीनं सुधारलं असा त्याचा मतलब. राय थोर, पण ती बदलीची गंमत त्यांनी सोडून दिली असं मला वाटतं.

आणि आवाज? कमी पैशांत काय काय करता येतं त्याचा तो धडा आहे. विजय राघव राव यांचं संगीत आहे, पण लांबलचक जागांत वारा, पक्षी, चाकं एवढंच. ऑफिसातल्या फायलींच्या जागी राम मोहन यांची ॲनिमेशन आहेत. सेट बांधण्यापेक्षा चित्र काढणं परवडतं. बंगालची ओळख करून द्यायची तर स्थिरचित्रं आणि मिरवणुकांचे तुकडे. चित्र मधेच गोठतं. आणि सांगायला एक निवेदक. तो आवाज कुणाचा? श्रेयनामावलीत नुसतं ‘अमिताभ’. ‘भुवन शोम’ १९६९च्या मे महिन्यात आला. गोव्याच्या मुक्तीवरचा ‘सात हिंदुस्तानी’, ज्यात तो पडद्यावर पहिल्यांदा दिसला, तो नोव्हेंबरमध्ये. म्हणजे अमिताभ बच्चनचा चेहरा दिसायच्या आधी देशाला त्याचा आवाज ऐकू आला, आणि तोही कर्जावर काढलेल्या, मोठे तारे नसलेल्या चित्रपटात. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा थोडा गर्व वाटला तर क्षमा असावी. चित्रपटाला उत्तम चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनय असे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. गौरी मात्र कॅनडात शिकायला निघून गेली, परत आल्यावर रायांच्या ‘जन अरण्य’वर साहाय्यक झाली, भोपाळच्या वायुकांडावर माहितीपट केला, आणि पडद्यावरच्या नायिकांच्या रांगेत कधी उभीच राहिली नाही.

‘भुवन शोम’चं कौतुक ऐकून पुढची दोन दशकं किती जणांनी दोन नवी माणसं आणि एक गाडी घेऊन घर सोडलं, त्याची गणती नाही. त्यातल्या एका चित्रपटावर मी होतो. नाव सांगत नाही, कारण तो कुठं लागला नाही आणि दिग्दर्शक अजून मित्र आहे. सोळा मिलिमीटरवर काम. मुंबईतला मुलगा आणि कोल्हापूरची मुलगी, कोकणात निघालेल्या एका भाड्याच्या अँबेसिडरमध्ये एकत्र अडकतात. दिग्दर्शकाला डबिंग नको होतं. ‘खरा आवाज पाहिजे’ हा त्याचा हट्ट, आणि डबिंग थिएटरला पैसे नव्हते हे त्यामागचं तत्त्वज्ञान. महिना मे. खिडक्या उघड्या ठेवल्या तर वारा माइकमध्ये शिरतो, बंद केल्या तर नायिकेचा मेकअप ओघळतो. छातीवरचा छोटा माइक ओढणीला घासतो. त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी हा इलाज. सेनहायजरचा ४१६ माइक मी मागच्या सीटच्या पायाशी पडून दोन खुर्च्यांच्या फटीतून वर धरलेला, नाग्रा रेकॉर्डर पोटावर. पण तिसऱ्या गिअरमध्ये अँबेसिडरचं इंजिन अशा पट्टीत घुमायचं की नायकाचा खर्ज त्यात विरघळून जाई. नायिका ऐकू येते, नायक नाही. दर कटला घुमण्याची पातळी वेगळी, म्हणजे एडिटिंगमध्ये गाडी वाक्यागणिक गिअर बदलतेय असं वाटणार.

तोडगा ड्रायव्हरनं काढला. घाटात उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची. टायर आणि थोडा वारा, बाकी शांत. मी हेडफोनमध्ये पहिल्यांदा नायकाचा श्वास ऐकला. मग काय, भांडणं, रस्ता चुकणं, पेट्रोलचा हिशेब ही चढावरची दृश्यं, आणि मनातलं बोलायचं असलं की उतार शोधायचा. आज तो चित्रपट कुणी पाहिला आणि लक्ष दिलं, तर प्रेमाचं एकूण एक वाक्य सह्याद्री उतरताना म्हटलेलं आढळेल. एका फिल्म सोसायटीतल्या चर्चेत एका प्राध्यापकांनी या ‘अधोगामी भूगोला’वर छान बोलून दाखवलं. दिग्दर्शक गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत होता.

इराणच्या किआरोस्तामीनं याच प्रश्नाचं उत्तर असं काढलं की ऐकून मी थक्क झालो. त्याच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’ला १९९७मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं. प्रेमपट नाही तो. मरायला निघालेला एक माणूस मोटारीत एकेका अनोळखी माणसाला बसवून घेतो. तुम्ही पाहता तेव्हा दोघं शेजारी बसलेत. शूटिंगमध्ये ते शेजारी नव्हतेच. चालकाचा शॉट असेल तेव्हा बाजूच्या सीटवर स्वतः किआरोस्तामी, आणि प्रवाशाचा असेल तेव्हा चालकाच्या जागी तोच. नट एकमेकांना भेटले नाहीत. चौकटीत एका वेळी एकच माणूस. आमच्या डबिंग थिएटरात तारखा जुळत नाहीत म्हणून जे घडायचं ते त्यानं ठरवून रस्त्यावर केलं. २००२मध्ये ‘टेन’साठी त्यानं डॅशबोर्डवर दोन छोटे डिजिटल कॅमेरे बसवले आणि चारशे फुटांची कटकट कायमची संपवली. २०१०च्या ‘सर्टिफाइड कॉपी’त मग प्रेम आलं. ज्युलिएट बिनोश आणि विल्यम शिमेल हा ऑपेराचा गायक, इटलीतल्या रस्त्यानं मोटारीत. काचेवरून इमारतींची प्रतिबिंबं सरकतात, आतली दोघं आत्ताच भेटलेली की पंधरा वर्षांचे नवरा-बायको, हे शेवटपर्यंत कळू देत नाही. गायक निवडला यात मला त्याचा कान दिसतो. बंद मोटारीत चेहऱ्याइतकाच गळा महत्त्वाचा.

आपल्याकडे खरा आवाज मोठ्या सिनेमात परत यायला २००१ उजाडलं. ‘लगान’ भुजजवळ सिंक साऊंडवर, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज घेत, चित्रित झाला. नकुल कामते यांनी तो आवाज घेतला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता नायक-नायिकेला एकाच वेळी एका जागी उभं राहून एकमेकांना उत्तर देणं भाग पडलं. गंमत पाहा, त्यात नायकाचं नाव भुवन आणि त्याची आई सुहासिनी मुळे. गुजरातचीच धूळ. हा योगायोग कुणी मुद्दाम घडवला असेल असं नाही, पण मी थिएटरात मनाशी हसलो.

मराठीत अनोळखी माणसांच्या स्वस्ताईचा सगळ्यात चोख पुरावा म्हणजे २०१०चा ‘मुंबई-पुणे-मुंबई’. सतीश राजवाडे दिग्दर्शक, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. मुलाला नकार द्यायला मुंबईहून आलेली मुलगी, तिला पुण्यात भेटलेला एक मुलगा, एक दिवस. पडद्यावर जवळजवळ सगळा वेळ हीच दोघं, आणि त्यांना नावंसुद्धा नाहीत. तो पुण्याचा, ती मुंबईची. गोष्ट चालते ती निव्वळ बोलण्यावर. चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला, आणि २०१५मध्ये पुढचा भाग आला. आता दोघं ओळखीची झालेली. लगेच नावं आली, गौतम आणि गौरी. आडनावं आली. दोन्हीकडचे आई-वडील, आजी, सगळे आले. त्यांना बसायला सोफे आले, साखरपुडा आला, दागिने आले. वाईट होता असं नाही. पण मी खर्च मोजत बसलो होतो.

आणि ज्यात अनोळखीपणाची दुसरी बाजू दिसते, तो मल्याळम चित्रपट सांगायला हवा. सनलकुमार शशिधरनचा, मूळ नाव ‘सेक्सी दुर्गा’, सेन्सॉरनंतर ‘एस. दुर्गा’. २०१७मध्ये रॉटरडॅमला त्यानं टायगर पुरस्कार पटकावला. त्याला लिखित पटकथा नव्हती. पळून निघालेली जोडी, रात्रीचा रस्ता, आणि लिफ्ट देणारी व्हॅन. दुर्गा झालीय आपली राजश्री देशपांडे. तिला भाषा कळत नाही. व्हॅनमधले पुरुष हसून बोलतायत, मदतच करतायत, आणि बघणाऱ्याचा घसा आवळत जातो. गौरीनं ज्या विश्वासानं परक्या साहेबाला वाळूत हिंडवलं तो विश्वास इथं एका मिनिटासाठीही मिळत नाही. व्हॅनमधल्या गाण्यांचा ठोका, सरकत्या दाराचा आवाज, इंजिन, आणि कुणी ते दाबायचा प्रयत्न केलेला नाही. तिला पळताना जेवढं ऐकू येईल तेवढंच आपल्याला. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवातून माहिती व प्रसारण मंत्रालयानं हा चित्रपट आणि रवी जाधवचा ‘न्यूड’ ऐन वेळी काढून टाकले. निवड समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयानं दाखवा म्हटलं, तरी महोत्सव संपेपर्यंत तो दाखवला गेला नाही.

हल्ली पोरं फोनवर सिनेमा करतात आणि मला सल्ला विचारायला येतात. परवा एकजण आला, तीच गोष्ट घेऊन: दोघं अनोळखी, ताम्हिणी घाट, पाऊस. म्हणाला, काका, गाडी इलेक्ट्रिक घेतोय, इंजिनाचा आवाजच नाही. मी त्याला म्हटलं, इंजिन गेलं की टायर ऐकू येतील, टायर मऊ घेतलेस तर एसीचा ब्लोअर, ब्लोअर बंद केलास तर काचांवर वाफ धरेल आणि कॅमेरामन बोंबलेल. शिवाय पाऊस टपावर वाजणार, तो प्रत्येक टेकला वेगळा. घोंगडी भिजवून टपावर टाक, दोन टाक, आणि पैसे उरले तर ड्रायव्हरला जास्त दे.